मोटारसायकल नवी घ्यावी की वापरलेली? मुंबईत राहणाऱ्यासाठी हिशेबाची रीत

मोटारसायकल घेण्याचा विचार सुरू झाला की बहुतेक घरांत प्रश्न असा मांडला जातो: हातात लाखभर रुपये आहेत, त्यात शोरूममधून नवी १०० सीसीची गाडी येते आणि तेवढ्याच पैशांत कुणाची तरी तीन-चार वर्षे वापरलेली दीडशे-दोनशे सीसीची गाडीही मिळते, मग काय घ्यावे? या मांडणीत पैसे आधी येतात आणि गाडीचे काम नंतर, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. सकाळी आठ वाजता गाडी सुरूच झाली नाही, तर त्या दिवशी आपले नेमके काय अडेल?

समजा, घर डोंबिवलीत आहे, गाडी फक्त स्टेशनपर्यंत न्यायची आहे, अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे आणि नंतर ती दिवसभर स्टेशनजवळच्या पे अँड पार्कमध्ये उन्हापावसात उभी राहणार आहे. अशी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही चालत नाही. शेजारची गाडी काढताना कुणाचे तरी हँडल टाकीला घासते, आरसा फुटतो, सीटचे कव्हर फाटते, आणि एखाद्या सकाळी ती रुसली तरी शेअर रिक्षा असतेच. इथे वापरलेली, साधी, १०० सीसीची गाडी पुरेशी आहे. याउलट जो बोरिवलीहून रोज वांद्रे-कुर्ला संकुलात गाडीने जातो, किंवा औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून दिवसाला दहा दवाखाने फिरतो, किंवा घरोघरी जेवण पोहोचवून ज्याचा संसार चालतो, त्याची गाडी वर्षाला सहज दहा-बारा हजार किलोमीटर धावते आणि ती गॅरेजमध्ये अडकली की त्या दिवसाची कमाई बुडते. त्याने नवीच घ्यावी. ऐपत बेताची असेल तर इंजिन लहान घ्यावे, पण गाडी नवी घ्यावी.

तिसरा प्रकार रविवारच्या स्वाराचा. तो आठवडाभर लोकलने जातो आणि सुटीच्या दिवशी पहाटे माळशेज किंवा लोणावळ्याकडे निघतो. त्याच्यासाठी वापरलेल्या मोठ्या गाडीइतका फायद्याचा सौदा दुसरा नाही, कारण मुंबईत अशा कितीतरी गाड्या हौसेने घेतल्या जातात, वर्षभर मिरवल्या जातात आणि मग सोसायटीच्या आवारात कव्हरखाली पडून राहतात. मात्र मोठ्या गाडीचा मोह रोजच्या प्रवासासाठी होत असेल, तर या शहरातले रस्ते आधी आठवावेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू, पूर्व मुक्त मार्ग आणि जे. जे. उड्डाणपूल यांवर मोटारसायकलींना मज्जाव आहे. पुण्याला जाणारा द्रुतगती मार्गही बंदच, म्हणजे खोपोलीवरून जुन्या रस्त्यानेच जावे लागते. ज्या रस्त्यांवर मोठ्या इंजिनाची ताकद वापरता आली असती, ते रस्तेच आपल्याला नाहीत. उरते ती सायनच्या सिग्नलला पोटऱ्या भाजणारी इंजिनाची धग.

किमतीचा हिशेब

करातील बदलानेही लहान आणि मोठ्या गाड्यांचे गणित वेगवेगळ्या दिशांना नेले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर, जिथे पूर्वी उपकर धरून ३१ टक्के कर होता, तिथे ४० टक्के लागू झाला. पूर्वी १ लाखाला मिळणारी लहान गाडी, कराचा सगळा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला असे धरले तर, ९२ हजारांच्या आसपास येते. म्हणून २०२४ साली घेतलेली गाडी विकणारा माणूस ‘मी तेव्हा एवढे मोजले होते’ असे म्हणू लागला, की त्याला नम्रपणे थांबवावे आणि वजाबाकी आजच्या नव्या किमतीतून सुरू करावी.

ही वजाबाकी किती करायची, याला एक तयार माप आहे. विमा कंपन्या गाडीचे चालू मूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून ठरावीक घसारा वजा करतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. आज ज्या गाडीची एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विमा न धरता, किंमत १ लाख आहे, ती सव्वातीन वर्षांची असेल तर या मापाने ६० हजारांची ठरते. बाजारभाव नेमका तेवढाच असतो असे नाही. स्प्लेंडर किंवा शाइनसारख्या गाड्यांना गिऱ्हाईक कायम असल्याने त्यांचा विकणारा सहसा खाली उतरत नाही, आणि त्यामुळेच या वर्गात नवी आणि जुनी यांतले अंतर पुष्कळदा इतके कमी राहते की जुनी घेण्यात अर्थ उरत नाही. मोठ्या, हौशी गाड्यांचे भाव मात्र नव्या किमतीच्या ६० टक्क्यांच्या जागी ५० टक्क्यांपर्यंतही आणता येतात, फक्त घाई विकणाऱ्याला असली पाहिजे, घेणाऱ्याला नव्हे.

ठरलेल्या भावात आणखी एक रक्कम मिळवावी. वापरलेली गाडी घरी आणली की पहिल्या तीन महिन्यांत टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, क्लच प्लेट यांपैकी दोन गोष्टी तरी पैसे मागतात, शिवाय नाव बदलण्याचे शुल्क आणि विमा असतो. मी स्वतः किमतीच्या १५ टक्के रक्कम वेगळी काढून ठेवतो आणि ती धरूनही गाडी स्वस्त पडते का, ते पाहतो. कर्ज काढायचे असेल तर वापरलेल्या गाडीवरचा व्याजदर सहसा नव्यापेक्षा चढा असतो, त्यामुळे मासिक हप्त्यांची तुलना न करता शेवटच्या हप्त्यापर्यंत खिशातून एकूण किती जाईल, त्या आकड्यांची तुलना करावी.

कोणत्या सालची गाडी घ्यावी

वापरलेली गाडी पाहताना तीन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्या गाड्यांना एकत्रित, म्हणजे दोन्ही चाकांना एकदम लागणाऱ्या, ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते, पेव्हर ब्लॉक आणि उड्डाणपुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या निसरड्या होतात, तेव्हा एबीएस नसलेली दीडशे सीसीची गाडी चार-पाच हजार रुपये वाचवण्यासाठी घेणे मला पटत नाही. दुसरी तारीख १ एप्रिल २०२०, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण मानकाची. तेव्हापासून बहुतेक गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. हे इंजिन थंडीत आणि पावसात लवकर सुरू होते, पण नाक्यावरच्या मेस्त्रीला ते पान्याने ठाकठीक करता येत नाही. तिसरी तारीख एप्रिल २०२३ ची, कारण तेव्हापासूनच्या गाड्यांचे रबरी भाग २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे बनवलेले असतात. त्याआधीची गाडी घेतल्यास पेट्रोलची नळी आणि सील मेस्त्रीला मुद्दाम पाहायला सांगावेत. माझ्या दृष्टीने दोन ते चार वर्षांची, एकाच मालकाची गाडी ही सर्वांत किफायतशीर. दहा-बारा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण नोंदणी १५ वर्षांचीच असते. त्यानंतर ती आपोआप भंगारात जात नाही, मात्र तपासणी करून घेऊन नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो.

नवी घेताना

नव्या गाडीबद्दल सांगण्यासारखे तुलनेने थोडे आहे. कोटेशनमधली प्रत्येक ओळ वाचावी. कर, नोंदणी आणि विमा हे खर्च टळत नाहीत. ‘हँडलिंग’ नावाचे कोणतेही सरकारी शुल्क नाही, आणि विमा त्याच दुकानातून घेण्याची सक्तीही नाही. हेल्मेट वेगळ्या किमतीला बिलात लावले असेल, तर दुचाकीसोबत मानकाप्रमाणे असलेले एक हेल्मेट कंपनीने द्यायचे असते, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम विक्रेत्याला आठवून द्यावा. नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई देणारा, विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे विम्याचा आकडा मोठा दिसतो, पण स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण पुष्कळदा एकाच वर्षाचे असते आणि ते दुसऱ्या वर्षी विसरले जाते. गाडी बनल्याचा महिना पाहावा. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या ऑगस्टची निघाली तर विकताना ती एक वर्षाने म्हातारी ठरते. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर पैसे आठवडाभर आधी भरावेत, कारण नोंदणी क्रमांकाशिवाय विक्रेत्याला गाडी ताब्यात देता येत नाही. नाहीतर मुहूर्तावर शोरूममध्येच हार घालून, फोटो काढून रिकाम्या हाताने परतावे लागते.

वापरलेली गाडी पाहताना

गाडी पाहायला दिवसाउजेडी, विकणाऱ्याच्या घरी जावे, आणि निघताना फोनवर एवढेच सांगावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. परळच्या एका चाळीत मी मित्रासाठी गाडी पाहायला गेलो होतो. सोबतच्या मेस्त्रीने किक मारली नाही, मीटर पाहिले नाही, फक्त तळहात इंजिनावर टेकवला आणि शांतपणे विचारले, “काका, आत्ताच फिरवून आणलीत का?” इंजिन गरम होते. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू होत नाही, वरून खडखडते किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते, हे लपवायचे असेल तर गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवणे ही सर्वांत जुनी युक्ती आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पीत आहे. पहिल्या मिनिटात दिसणारी पांढरी वाफ निराळी. ती गाडी तापली की जाते.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी पायाकडे पाहावे. आकडा अकरा हजार सांगत असेल आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या असतील, पाय ठेवायच्या दांड्यांचे रबर एका बाजूने खाल्लेले असेल, तर मीटर खोटे बोलत आहे. टायरच्या कडेला चार अंकी आकडा कोरलेला असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. २०२१ च्या गाडीवर २०२४ चे टायर असतील तर गाडी भरपूर पळालेली आहे, मीटर काहीही म्हणो. मागच्या सीटच्या टोकाला चौकोनी घासल्याची खूण आणि हँडलवर मोबाइल होल्डर आवळल्याचा वण दिसला, तर गाडीने मोठ्या पिशव्या वाहिल्या आहेत असे समजावे. अशी गाडी वाईटच असते असे नाही, पण तिचा भाव घरगुती गाडीचा असू शकत नाही.

मुंबईत दोन गोष्टी आणखी पाहाव्या लागतात, पाणी आणि खारी हवा. हिंदमाता, गांधी मार्केट किंवा मिलन सबवेच्या परिसरात राहणारी गाडी एखाद्या जुलैत टाकीपर्यंत बुडालेली असू शकते. वरून धुतली तरी सीट उघडल्यावर टूलकिटच्या खणात, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यांत आणि वायरींच्या जोडांत सुकलेल्या गाळाची बारीक रेघ राहतेच. जोडातल्या पितळी पिनांवर हिरवट थर असेल तर ती गाडी तिथेच सोडून यावी, कारण वायरिंगचा आजार कधी बरा होत नाही. समुद्राजवळ, वर्सोव्याला किंवा वरळीला उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी बाहेरून चकचकीत असते, म्हणून झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारावा आणि मग वाकून सायलेन्सरचा तळ, स्पोक आणि चेन ताणण्याचे बोल्ट पाहावेत. विकणाऱ्याला बहुधा पावसाळ्यातच गाडी नकोशी होते, भावही तेव्हाच उतरतो, आणि पाऊस सुरू असताना गाडी सुरू होते की नाही ते फुकटात कळते.

मग चालवून पाहावे. नाक्यापर्यंत जाऊन येणे पुरेसे नाही. एखाद्या उड्डाणपुलाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवावा. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेटा गेल्या आहेत. सिग्नलला न्यूट्रल सहज लागते का, खड्ड्यातून जाताना हँडलमधून टकटक ऐकू येते का, सरळ रस्त्यावर हात किंचित सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. शेवटच्या दोषामागे जुना अपघात आणि वाकलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, असू शकते. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढावी, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेट बदलायला आले. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑइलचे कडे दिसले तर सील गेले. हा मोठा खर्च नाही, पण भाव कमी करायला चांगले निमित्त आहे.

कागद

खरी परीक्षा इथे असते, आणि इथेच लोक सर्वांत आळशी असतात. मी माझी पहिली गाडी विकली तेव्हा फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, किल्ली दिली आणि ‘दादा, आठवड्यात नाव बदलून घेतो’ या शब्दावर निर्धास्त झालो. पुढच्या पावसाळ्यात, मी घरी जेवत असताना, भिवंडीत तिघे बसून हेल्मेटशिवाय गाडी चालवल्याचे ई-चलन माझ्या फोनवर आले, आणि पाठोपाठ आणखी चार. दंड भरून मी सुटलो. अपघात झाला असता तर सुटलो नसतो. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. विकणाऱ्याला हे समजावून सांगितले, की नाव बदलण्याची घाई त्यालाही होते.

भाव ठरवण्याआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकावा. त्यात नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, मालक कितवा आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे दिसते. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवल्याचा नमुना ३५ आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘शेवटचे दोन हप्ते राहिलेत’ हे उत्तर नव्हे. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेला दंड तपासावा, कारण तो गाडीच्या क्रमांकाला चिकटून येतो. चेसिस क्रमांक हँडलखाली मानेवर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यावी आणि आरसी कार्डाशी, म्हणजे नोंदणीच्या कार्डाशी, अक्षर न् अक्षर जुळवावी. अक्षरे घासलेली किंवा वाकडीतिकडी दिसली तर तिथून निघावे, कारण चोरीचा माल घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहावे आणि नसेल तर ती विकणाऱ्यानेच बसवून द्यावी.

गाडी मुलगा विकत असेल आणि कार्डावर वारलेल्या वडिलांचे नाव असेल, तर आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. सहानुभूतीपोटी ही पायरी गाळू नये. परराज्याच्या क्रमांकाची गाडी स्वस्त मिळते, पण तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक हे सगळे धरले की ती स्वस्ताई बरीचशी संपते.

हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरायचा असतो, विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ओटीपी नोंदणीतल्या मोबाइल क्रमांकावर जातो. तो क्रमांक विकणाऱ्याच्या हातात आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारावे. बंद पडलेल्या जुन्या सिमकार्डामुळे महिना महिना खोळंबलेले सौदे मी पाहिले आहेत. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी आपले कार्यालय कोणते, ते पत्त्यावरून ठरते. एजंटला काम द्यायला हरकत नाही, पण अर्ज क्रमांक स्वतःच्या फोनवर घ्यावा.

पैसे बँकेतून द्यावेत आणि साध्या कागदावर तारीख, वेळ, मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्या क्षणानंतरचे चलन कुणाचे, हा वाद त्याने मिटतो. किमतीतले पाच-सात हजार रुपये नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. चांगला विकणारा याला हो म्हणतो. विम्याचे हस्तांतर वेगळे असते आणि त्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीसोबत येते, पण आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागतो. निघताना दुसरी किल्ली मागून घ्यावी. ती हरवली आहे असे उत्तर आले तर पहिल्याच आठवड्यात लॉक सेट बदलून टाकावा.